पाहुण्या संगणकाचा पत्ता

उज्जैन आणि मराठी भाषा यांचा संबंध आजकालचा नव्हे. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी या नगरीत आपले ठाणे केले, आणि १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलविली. राजधानी गेली; पण दरबाराबरोबर आलेली कित्येक मराठी घराणी क्षिप्रेच्या काठीच राहिली. त्यांच्या घरात मराठी आणि बाजारात हिंदी अशी दोन भाषांची वहिवाट पडली. मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण प्रसिद्धच आहे. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी झाले, आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत नावारूपाला आले. पुढच्या पिढ्यांत मात्र हा समतोल राहत नाही. नातवंडे हिंदीत शिकतात, इंग्रजीत नोकरी करतात, आणि घराण्याचे मराठी कागद पेटीत पडून राहतात. हल्ली ही पेटी लाकडाचीच असते असे नाही. ती पुष्कळदा संगणकाची असते.

माधव नगरातील अशाच एखाद्या घराची कल्पना श्रोत्यांनी करावी. १९९२ च्या सुमारास त्या घरच्या आजोबांनी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत संगणकावर उतरविण्यास घेतला. मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, कोणती शाखा कोणत्या सरदाराबरोबर माळव्यात आली, कोण इंदूरला गेले, कोण देवासला स्थायिक झाले, ही सारी माहिती पोस्टकार्डे पाठवून त्यांनी गोळा केली आणि एका माहितीकोशाच्या प्रोग्राममध्ये नोंदविली. आज आजोबा नाहीत, पोस्टकार्डे नाहीत, आणि तो संगणकही बंद पडलेला आहे. सुदैवाने त्याच्या हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत पुण्यास असलेल्या नातवाने वेळीच काढून घेतली. ती प्रत एका फाइलच्या रूपाने त्याच्यापाशी आहे. प्रश्न असा, की त्या फाइलमध्ये कोंडलेली घराण्याची माणसे बाहेर कशी आणावयाची?

याचे उत्तर जुन्या यंत्राची नक्कल करण्यात आहे. संगणकाच्या अंगी एक अद्भुत गुण असतो. तो दुसऱ्या संगणकाचे सोंग हुबेहूब वठवू शकतो. एका सर्वसाधारण गणनयंत्राला योग्य वर्णन पुरविले तर ते इतर कोणत्याही गणनयंत्राचे काम करू शकेल, हे अॅलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९३६ मध्येच दाखवून दिले. व्यवहारात ही गोष्ट १९६४ मध्ये फार उपयोगी पडली. त्या वर्षी आयबीएम कंपनीने आपली ‘सिस्टिम ३६०’ ही नवी मालिका जाहीर केली. जुन्या १४०१ यंत्रासाठी लिहिलेले प्रोग्राम टाकून द्यावे लागले असते तर गिऱ्हाइके नाराज झाली असती. म्हणून नव्या यंत्रात जुन्या यंत्राचे सोंग घेण्याची सोय ठेवण्यात आली. अशा सोयीला एम्युलेटर म्हणतात. मराठीत त्याला अनुकारक म्हणता येईल. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामकाराने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला क्यूईएमयू हा आजच्या अनुकारकांपैकी एक प्रमुख होय. पुण्यातील नातवाच्या लॅपटॉपवर तो चालू केला, त्याला डिस्कची प्रत दिली, की लॅपटॉपच्या एका चौकटीत माधव नगरचा तीस वर्षांपूर्वीचा संगणक पुन्हा जागा होतो.

या व्यवहारात खऱ्या यंत्राला यजमान आणि नकली यंत्राला पाहुणा म्हणण्याची पद्धत आहे. मराठी घराला या दोन शब्दांचा अर्थ वेगळा सांगावयास नको. पाहुण्याला आपण परक्या घरात आहोत याची जाणीव नसते. आपल्याला पडदा आहे, कळफलक आहे, डिस्क आहे, असे तो समजतो. वस्तुतः यांपैकी प्रत्येक गोष्ट यजमान त्याला क्षणोक्षणी पुरवीत असतो. आणि म्हणूनच त्याला बाहेरच्या जगाशी बोलावयाचे झाले, तर तेही यजमानाच्या अनुमतीनेच शक्य होते.

येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या द्वारे. त्यापूर्वी १९८६ पासून चालू झालेले एर्नेटचे जाळे आयआयटी आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र अशा मोजक्या संस्थांपुरते होते. म्हणजे माधव नगरच्या त्या संगणकाने आपल्या हयातीत जाळे पाहिलेच नव्हते. त्याच्या गावाबाहेरच्या दळणवळणाचे साधन एकच, खिशात मावणारी फ्लॉपी. जे त्याला जिवंतपणी मिळाले नाही, ते आता त्याच्या प्रतिरूपाला मिळवून द्यावयाचे आहे.

पण आधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे: त्याला जाळे हवेच आहे काय? डिस्कची प्रत हाताशी असेल, तर पाहुण्याला न उठविताही यजमान ती उघडू शकतो आणि आतील फाइली वाचू शकतो. केवळ चार पत्रे किंवा एखादा लेख बाहेर काढावयाचा असेल, तर हाच मार्ग सोपा व सुरक्षित आहे. कुलवृत्तांताची गोष्ट वेगळी. तेथे माहिती अनेक फाइलींत विखुरलेली असते; कोणती नोंद कोणत्या नोंदीशी जोडावयाची, हे त्या जुन्या प्रोग्रामलाच ठाऊक असते. तो चालवावा लागतो, त्याच्याकडून एकेका शाखेची यादी तयार करून घ्यावी लागते, ती बाहेर तपासावी लागते, आणि चूक दिसली तर पुन्हा आत जावे लागते. अशी ये-जा वारंवार होणार असेल, तर प्रत्येक वेळी यंत्र थांबवून डिस्क उघडण्यापेक्षा एक कायमचा रस्ता बांधणे बरे.

हा रस्ता पाहुण्याच्या बाजूने तीन पायऱ्यांचा असतो. पहिली पायरी कार्डाची. संगणकाला जाळ्याशी जोडणारे नेटवर्क कार्ड पूर्वी स्वतंत्र विकत घेऊन बसवावे लागे. अनुकारक तेही आपल्या कल्पनेतून निर्माण करतो. मात्र पाहुण्याच्या काळात ओळखले जात होते असेच कार्ड त्याला द्यावयास हवे. डॉसच्या काळातील यंत्राला एनई २००० हे कार्ड मानवते. कारण त्याची नक्कल अनेक कारखान्यांनी केली होती आणि त्यामुळे ते सर्वत्र परिचित झाले होते. दुसरी पायरी ड्रायव्हरची. कार्डाशी कोणत्या ठिकाणी बोलावयाचे आणि कार्डाची हाक कोणत्या क्रमांकाच्या तारेवरून येईल, या दोन गोष्टी त्याला सांगाव्या लागतात. अनुकारकाने कार्ड ९ क्रमांकावर बसविले असेल आणि ड्रायव्हरला ३ हा क्रमांक सांगितला असेल, तर दोघेही आपापल्या जागी निर्दोष असून संभाषण मात्र होत नाही. नवशिक्यांचे निम्मे श्रम या एका विसंगतीपायी वाया जातात. तिसरी पायरी भाषेची. डॉसला स्वतःला इंटरनेटची बोली येत नाही. ती शिकविणारे प्रोग्राम वेगळे घालावे लागतात. मायकेल ब्रटमन यांनी जुन्या डॉस यंत्रांसाठी तयार केलेला एमटीसीपी हा संच यासाठी फार उपयोगी आहे. विंडोज ३.१ वर हेच काम ऑस्ट्रेलियातील पीटर टॅटम यांचा ट्रंपेट विनसॉक करीत असे; विंडोज ९५ पासून ती बोली यंत्रातच येऊ लागली.

पाहुण्याच्या बाजूची सिद्धता झाली, की यजमानाने दार कसे उघडावयाचे हा मुख्य प्रश्न उरतो. त्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत ‘मार्फत’ची. परगावचा विद्यार्थी माधव नगरात खोली घेऊन राहतो, तेव्हा त्याच्या पत्रांवर घरमालकाचे नाव घालून ‘यांचे मार्फत’ असे लिहितात. समजा, हा घरमालक मोठा काटेकोर आहे. विद्यार्थ्याचे प्रत्येक पत्र तो आपल्या पत्त्यावरून पाठवितो, त्यावर जावक क्रमांक घालतो आणि तो वहीत टिपून ठेवतो. उत्तर आले, की क्रमांक पाहून ते विद्यार्थ्याच्या हाती देतो. वहीत ज्याची नोंद नाही असे पत्र आले, तर ते तो स्वीकारीत नाही. जाळ्याच्या परिभाषेत या रीतीला नॅट म्हणतात, आणि जावक क्रमांकाला पोर्ट म्हणतात. डॅनी गॅस्पारोव्हस्की यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या स्लर्प या प्रोग्रामवर क्यूईएमयूमधील ही सोय आधारलेली आहे. तिच्यात पाहुण्याला बहुधा १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो, आणि यजमान त्याला १०.०.२.२ या पत्त्यावर भेटतो. जगातील हजारो पाहुणे संगणक आज याच पत्त्यावर राहत असतील. पण त्याने घोटाळा होत नाही. १० या आकड्याने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठीच राखून ठेवलेले असून, १९९६ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या नियमपत्रकात त्यांची नोंद आहे. ‘घर क्रमांक पाच’ प्रत्येक गल्लीत असते, तसलाच हा प्रकार. या रीतीत पाहुणा बाहेर बोलू शकतो, पण बाहेरचा कोणी आपण होऊन त्याच्या दारी येऊ शकत नाही.

दुसरी रीत पुलाची. उज्जैनचे रेल्वेमार्गाने दोन भाग पडले आहेत; एका अंगाला महाकालाचे जुने शहर आणि दुसऱ्या अंगाला फ्रीगंज व माधव नगरची वस्ती. फ्रीगंजच्या पुलावरून या अंगाचा माणूस कोणाची मार्फत न घेता त्या अंगाला जातो; पण पूल ज्याला या अंगाहून जाऊ देतो, त्याला त्या अंगाहून येऊही देतो. नकली कार्ड घरच्या जाळ्याशी अशा पुलाने जोडले, की राउटर पाहुण्याला घरातील इतर यंत्रांप्रमाणेच स्वतंत्र पत्ता देतो, आणि घरातील प्रत्येक यंत्राला तो दिसू लागतो. ही रीत भरदार खरी, पण तिच्या अडचणी दोन. एक म्हणजे वायफायवर ती पुष्कळदा चालत नाही. कारण वायफायचे केंद्र ज्या कार्डाची ओळख पटली आहे त्याच्याशीच बोलते, त्याच्याआडून बोलणारा दुसरा आवाज ते ऐकून घेत नाही. दुसरी म्हणजे प्रत्येक कार्डाला जन्मतः मिळणारा अनन्य क्रमांक. क्यूईएमयू नकली कार्डाला ५२:५४:००:१२:३४:५६ हा क्रमांक आपण होऊन देतो. एका पुलावर असे दोन पाहुणे उभे केले आणि क्रमांक बदलावयास विसरले, तर एकाच नावाच्या दोन भाडेकऱ्यांच्या टपालासारखी स्थिती होते.

तिसरी रीत वाड्यातील अंतर्गत बोळाची. यजमान आणि पाहुणा या दोघांपुरतेच एक खाजगी जाळे निर्माण करतात. त्याला रस्त्यावर उघडणारे दार मुळी नसतेच. पाहुणा यजमानाशी बोलतो, यजमान पाहुण्याशी बोलतो, आणि गोष्ट तेथेच संपते.

नवशिका मनुष्य साहजिकच पुलाकडे धाव घेतो. जाळे म्हणजे इंटरनेट, आणि पाहुण्याला सर्व जग दिसले म्हणजेच आपण जिंकलो, असा त्याचा समज असतो. पण त्या जुन्या यंत्राला आजच्या जगात पाहावयाचे तरी काय आहे? त्याच्या काळचा ब्राउझर आजची बहुतेक पाने उघडूच शकत नाही. हल्ली पानांची ने-आण गुप्तलिपीत होते, आणि त्या लिपीच्या टीएलएस १.० व १.१ या जुन्या पद्धती प्रमुख ब्राउझरांनी २०२० मध्ये बंद केल्या. १९९५ च्या ब्राउझरला तर त्याही ठाऊक नाहीत. पाहुण्याला जगाच्या चौकात नेऊन उभे केले, तरी तेथे त्याची भाषा समजणारा क्वचितच भेटतो.

याउलट, त्याला हेरणारे मात्र पुष्कळ भेटतात. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला. त्याला कोणी पत्र उघडावे लागत नव्हते की कळ दाबावी लागत नव्हती. दुरुस्ती न केलेले विंडोज २००० किंवा एक्सपी यंत्र उघड्या जाळ्याला जोडलेले असणे पुरेसे होते. विंडोज ९८ च्या दुरुस्त्या जुलै २००६ मध्ये आणि एक्सपीच्या नियमित दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या. त्यानंतर १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने फाइल-वाटपाच्या जुन्या पद्धतीतील दोषाचा फायदा घेऊन अनेक देशांतील कार्यालये आणि इंग्लंडमधील रुग्णालये अडवून धरली. त्या दोषाची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती केली नव्हती त्यांच्यावर संकट आले. जुनी यंत्रणा पुलावर उभी करणे म्हणजे अशा रोगांना घरातील बाकीच्या यंत्रांपर्यंत वाट करून देणे होय. डॉसला हे भय कमी आहे, कारण हल्लीचे आघात त्याच्यासाठी रचलेलेच नसतात. विंडोजच्या बाबतीत मात्र ही उपेक्षा महागात पडते.

म्हणून शहाणपणाचा मार्ग हा, की पाहुण्याला त्याच्या कामापुरतेच दार उघडून द्यावे. कुलवृत्तांताचे काम पाहिले तर पाहुण्याला यजमानाच्या ओसरीपर्यंत यावयाचे आहे. त्यापलीकडे त्याचे काहीच काम नाही. अंतर्गत बोळाची रीत त्याला पुरेशी आहे. ती जमत नसेल तर ‘मार्फत’ची रीत घ्यावी, यजमानाने आपल्याकडे फाइली स्वीकारण्याची सोय करावी आणि पाहुण्याने १०.०.२.२ या पत्त्यावर त्या आणून द्याव्यात. येथे फाइली नेण्याच्या एफटीपी या जुन्या पद्धतीचा एक स्वभाव सांभाळावा लागतो. तिच्यात हुकूम एका मार्गाने जातात आणि माल दुसऱ्या मार्गाने. मूळच्या रीतीत मालासाठी समोरचाच उलट हाक मारतो. मार्फतच्या दारात ती हाक अडते, हुकूम पोहोचतो आणि माल येत नाही. ‘पॅसिव्ह’ नावाची रीत निवडली, म्हणजे दोन्ही वेळा हाक पाहुण्याकडूनच जाते आणि काम सुरळीत होते.

रस्ता झाला की नाही हे पाहण्याची कसोटीही योग्य हवी. जाळे तपासण्यासाठी पिंग नावाची हाक मारण्याचा सर्वत्र प्रघात आहे. पण क्यूईएमयूच्या मार्फत रीतीत बाहेरच्या पत्त्यावर मारलेली पिंगची हाक पुष्कळदा अनुत्तरित राहते, कारण तसली हाक पुढे पाठविण्यास यजमानाकडे विशेष अधिकार लागतात. पिंगला उत्तर नाही म्हणून सर्व रचना मोडून पुन्हा मांडणारे कितीतरी लोक आढळतात. रस्ता वस्तुतः चालूच असतो. आधी पाहुण्याला पत्ता मिळाला का ते पाहावे, मग यजमानाशी बोलणे होते का ते पाहावे, आणि शेवटी एक लहानशी फाइल प्रत्यक्ष पाठवून पाहावी. कामाची कसोटी कामानेच घ्यावी, हे उत्तम.

घड्याळाकडेही थोडे लक्ष दिले पाहिजे. आणि उज्जैनशी संबंधित कामात त्याचे विस्मरण होणे शोभणारे नाही. प्राचीन भारतीय ज्योतिषात मध्यरेखा याच अवंतीनगरीतून जात असे. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात येथे वेधशाळा बांधली आणि महाराजा माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार करविला. आज उज्जैनची सूर्यघटिका आणि मनगटावरील घड्याळ यांत सरासरीने सुमारे २७ मिनिटांचे अंतर पडते, कारण भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि उज्जैनचा रेखांश पावणेशहात्तरच्या आसपासचा. यंत्रांतही असेच घडते. क्यूईएमयू आपण होऊन पाहुण्याला जागतिक वेळ दाखवितो. डॉस तीच स्थानिक वेळ समजतो, आणि त्याचे घड्याळ भारताच्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे राहते. अनुकारकाला स्थानिक वेळ देण्यास सांगितले की हा दोष जातो. ही केवळ टापटिपीची बाब नव्हे. कुलवृत्तांताच्या एकाच यादीच्या तीन प्रती सापडल्या, तर आजोबांच्या हातची शेवटची प्रत कोणती हे फाइलीच्या तारखेवरूनच कळते. नेताना ती तारीख पुसली जाऊ नये म्हणून फाइली आधी पाहुण्याच्या घरातच एका झिपमध्ये बांधाव्यात आणि ते गाठोडे बाहेर न्यावे.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अक्षरांची. १९९२ च्या संगणकात मराठी कोठून आली? कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्र विकसित केले, आणि १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅकची स्थापना झाल्यावर ते काम तेथे वाढले. जिस्टचे एक कार्ड संगणकात बसविले, की इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्राम देवनागरी दाखवू लागत. अक्षरांना क्रमांक देण्याची त्यामागील पद्धत इस्की या नावाने १९९१ मध्ये भारतीय मानक ठरली. आता अडचण अशी, की सर्वसाधारण अनुकारक एनई २००० कार्डाचे सोंग घेतो, पण जिस्ट कार्डाचे घेत नाही. त्यामुळे पाहुणा जागा झाला, प्रोग्राम चालू लागला, तरी पडद्यावर घराण्याच्या नावांऐवजी चित्रविचित्र चिन्हे उमटतात. पाहणारा निराश होतो आणि सर्व नष्ट झाले असे मानतो.

ते नष्ट झालेले नसते. चिन्हे चुकीची असली तरी क्रमांक बरोबर असतात. इस्कीत ‘क’चा क्रमांक १७९ आहे, आजच्या युनिकोडमध्ये तोच ‘क’ २३२५ या क्रमांकावर आहे. युनिकोडची देवनागरी मांडणी इस्कीच्या आधीच्या १९८८ च्या आराखड्यावरच बेतलेली असल्याने, एका क्रमाचे दुसऱ्या क्रमात रूपांतर करणारा प्रोग्राम फारसा अवघड नसतो. फक्त तो यजमानाच्या घरी चालवावयाचा असतो, आणि क्रमांक तेथवर अक्षत पोहोचले पाहिजेत. एफटीपीमध्ये ‘बायनरी’ ही रीत निवडण्याचा आग्रह धरावयाचा तो यासाठी. दुसऱ्या रीतीत वाहक आपली अक्कल चालवून ओळींच्या शेवटच्या खुणा बदलतो. याहून मोठा धोका आठवा अंश गाळणाऱ्या जुन्या मार्गांचा. इंग्रजीचे सात अंशांत भागते. मराठी अक्षरे आठव्या अंशाच्या आधारावर उभी असतात. तो गळाला की १७९ मधून १२८ वजा होऊन ५१ उरतात, आणि ५१ म्हणजे इंग्रजीतील ३ हा आकडा. ‘क’चा असा तीन झाला, की तो मूळचा तीनच होता की ‘क’, हे सांगता येत नाही. संपूर्ण घराणे अशा आकड्यांत विरून जाऊ शकते.

यावरून या सर्व खटपटीचे खरे प्रयोजन ध्यानात येईल. जुना संगणक पुन्हा जागा करणे ही मोठी कौतुकाची गोष्ट आहे. पण तो पडद्यावर जसाच्या तसा दिसावा, हा हेतू दुय्यम आहे. त्याच्यापाशी आपल्या माणसांची जी ठेव आहे ती सुखरूप बाहेर यावी, हा हेतू मुख्य आहे. त्या ठेवीसाठी लागतो तो एक अरुंद, पण विश्वासाचा रस्ता. जो यजमान पाहुण्यासाठी सारे दरवाजे सताड उघडतो, तो त्याचा आदर करीत नाही, त्याला संकटात लोटतो. आणि जो त्याला कायमचा कोंडून ठेवतो, तो त्याच्याबरोबर त्याची शिदोरीही कुजवतो. मधला मार्ग घ्यावा. डिस्कच्या मूळ प्रतीला हात न लावता तिच्या दुसऱ्या प्रतीवर काम करावे, कामापुरते दार उघडावे, नेलेली प्रत्येक फाइल मोजून व पडताळून घ्यावी, आणि काम होताच दार लावून घ्यावे.

असे केले, तर माधव नगरच्या त्या घराण्याची शाखावार यादी एके दिवशी पुण्याच्या लॅपटॉपवर स्वच्छ देवनागरीत उमटेल, आणि तेथून ती इंदूरला, देवासला, अमेरिकेतल्या एखाद्या चुलत भावाकडेही क्षणात जाईल. तो भाऊ कदाचित ती अडखळत वाचील. पण पणजोबांचे नाव त्यांच्याच लिपीत त्याच्यासमोर असेल, आणि ते वाचण्यापुरती मराठी शिकावी असे त्याला वाटले, तर आजोबांनी पाठविलेल्या पोस्टकार्डांचे चीज झाले असेच म्हणावे लागेल.